शेंड्याचं पान

गेल्या वर्षी दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एका रविवारी मी माझ्या वहिनीच्या मिरचीच्या सात ओळी उपटल्या आणि नंतर तिला खोटं सांगितलं. उपटणं ही चूक होती, आणि चूक कोणाच्याही हातून होते. खोटं मात्र मी पूर्ण शुद्धीवर असताना बोललो. ते का बोललो आणि परत घ्यायला मला तीन महिने का लागले, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

मी वर्ध्यातल्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. नोकरीला वीस वर्षं होऊन गेली. राहायला बोरगाव मेघेत. आमचं मूळ घर आणि वावर देवळीच्या पुढे, तिथे थोरला भाऊ असतो. कापूस आणि सोयाबीन त्याचं. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मिरची ही सगळी भाजी वहिनीची. त्या भाजीच्या तुकड्यात भाऊसुद्धा तिला विचारल्याशिवाय पाय ठेवत नाही.

करोनाच्या काळात तपासणीच्या कामाला माणसं कमी पडली, तेव्हा आमच्यापैकी काही जणांना तिकडे लावलं होतं. मीही होतो. तेव्हापासून गावात माझी ओळख बदलली. आधी मी कॉलेजात बाटल्या धुणारा होतो. नंतर मशीनवाला झालो. रिपोर्ट काय आला हे सांगणारा माणूस मी, आणि मी ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की समोरचा माणूस बोलणं थांबवतो, हे मी तेव्हा शेकडो वेळा पाहिलं. मला ते आवडायला लागलं होतं, हे आज कबूल करतो.

गेल्या वर्षी मिरचीवर कोकडा आला. पानं आकसतात, वाटीसारखी वळतात, झाड बुटकं राहतं, या सगळ्याला आमच्याकडे कोकडा म्हणतात. तो कधी बारीक किडीनं होतो, कधी कोळ्यांनी, कधी पांढऱ्या माशीनं आणलेल्या विषाणूनं. शब्द एकच. भावाचा फोन आला. वहिनी तेव्हा समुद्रपूरकडे, माहेरी, बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. मी गेलो, सगळ्यात जास्त आकसलेली चार पानं तोडली, पिशवीत घालून कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवली. त्या आठवड्यात मुलांची प्रात्यक्षिकं होती. पानं फ्रिजमध्येच राहिली.

पुढच्या रविवारी वावरात भाऊ उभा होता, आणि धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून ज्यांचं वावर आहे ते शेजारचे काकाही आले होते. भावानं विचारलं, “काय निघालं बे मशीनीत?”

तपासलं नाही, एवढे दोनच शब्द होते. पण काका माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी ओळींकडे पाहिलं. खालची पानं अशी वळलेली होती की मशीनची गरजच काय, असं वाटलं.

“पॉझिटिव्ह आहे,” मी म्हणालो. “ठेवलं तर सगळ्या शिवारात जाईल. काढून जाळावं लागेल.”

सल्ला पुस्तकात असतो तसाच होता. आजारी झाडं काढून टाका, असंच सांगतात. काकांनी लगेच मान डोलावली आणि त्यांच्या स्वतःच्या मिरचीच्या दोन ओळी उपटायला निघूनही गेले.

आम्ही दोघं भाऊ कामाला लागलो. पहिल्याच ओळीत मला दिसलं की काही झाडांना बुंध्याजवळ जुन्या लुगड्याच्या हिरव्या चिंध्या बांधल्या आहेत. सात ओळींत मिळून वीसेक झाडं असतील. आमच्या कॉलेजच्या प्रयोगाच्या वाफ्यात आम्ही आजारी झाडाला फीत बांधतो, म्हणजे काढताना सापडतं. मी भावाला म्हणालो, “वहिनीनं बरं केलं. आजारी झाडं आधीच हुडकून ठेवली.”

“असंन,” भाऊ म्हणाला. मिरचीतलं त्याला माझ्याइतकंही माहीत नव्हतं.

म्हणून आम्ही चिंधीची झाडं सगळ्यात आधी उपटली.

वहिनी दिवाळीच्या दोन दिवस आधी आली. मीही घरी आलो होतो. देवळीला बसमधून उतरून ऑटोनं आली ती घरात न येता पिशवीसकट सरळ वावरात गेली. मी मागोमाग गेलो. रिकाम्या जागेकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

“चिंधीची झाडं कुठं गेली?”

“तीच तर आधी काढली, वहिनी. तुमीच खूण करून ठेवली होती ना.”

“अवो भाऊजी, खूण बियाची होती थे!” पिशवी तिच्या हातातून खाली आली. “त्या झाडाईले येऊन गेलतं. आंगावरून गेलं होतं त्याईच्या. मी तीन सालापासून तशीच झाडं निवडून राह्यली. खालचं पान खराब अन शेंडा साफ. शेंडे पाह्यले का तुमी? शेंडे?”

मी शेंडे पाहिले नव्हते. खरंच पाहिले नव्हते. आकसलेलं पान शोधायला गेलेल्या माणसाची नजर आकसलेल्या पानावरच जाते.

तिथे मला सांगता आलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, “वहिनी, मी मशीनमध्ये तपासलं. पॉझिटिव्ह निघालं. मी तरी काय करू?”

“पॉझिटिव्ह निघालं म्हणून जाळते का कोणी?” ती म्हणाली. “तुमचे भाऊ निघालते पॉझिटिव्ह. तवा मी त्याईले धुऱ्यावर नेऊन पेटवून देलं काय?”

मागे येऊन उभा राहिलेला भाऊ हसला. ती हसली नाही. तिनं आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मशीनशी काय भांडणार? तिचं ते मिटलेलं तोंड मी पाहिलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला आजही आहे.

ती मिरची वहिनीनं लग्नानंतर माहेरून आणली होती. बुटकी, जाड सालीची, पातोडीच्या रश्श्याला तिच्याशिवाय रंग येत नाही असं आमच्या घरात सगळे मानतात. माहेरी आता कोणी ती लावत नाही, रोपवाटिकेतून रोपं आणतात. जुनं बी तिनं सगळं पेरून टाकलं होतं, कारण नवं बी चिंधीच्या झाडांवर लागलेलं होतं. उरली ती फक्त धुऱ्यावरची अकरा झाडं. रोपं जास्त झाली म्हणून तिनं ती तुरीच्या ओळीत खोचली होती आणि तुरीच्या आड ती आम्हाला दिसली नव्हती. त्यांच्यावरही कोकडा होता. भाऊ तीही काढायला निघाला तेव्हा वहिनी आडवी आली. “हात लावून पाहा फक्त,” एवढंच म्हणाली.

त्या दिवाळीत तिनं माझ्या ताटात चकल्या वाढल्या, ‘घ्या’ म्हणाली, आणि दुसरं काही बोलली नाही.

*

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या विभागात नव्या मॅडम आल्या. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. आल्या आल्या त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यान दिलं. पडदा लावून द्यायला मी मागे स्टुलावर बसलो होतो. व्याख्यान पेशीतल्या अगदी लहान रेणूंबद्दल होतं. मी अर्धं लक्ष देऊन ऐकत होतो, आणि पडद्यावर एक झाड आलं. खालची पानं वळलेली, पिवळी. वरची पानं स्वच्छ.

“हे झाड मेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “विषाणूही पूर्ण गेलेला नाही. पण झाड सावरलं.”

मग त्यांनी ते कसं होतं ते सांगितलं. मला समजलं तसं लिहितो. विषाणूला पेशीत आपली प्रजा वाढवायची तर पेशीच्या यंत्रणेला निरोप द्यावा लागतो. पेशीला तो निरोप परका वाटला तर ती तो फाडते. एकवीस-बावीस, कधी चोवीस अक्षरांचे बारीक तुकडे करते. हे तुकडे ती फेकून देत नाही. एकेक तुकडा हाताशी धरून ठेवते, आणि पुढे येणारा प्रत्येक निरोप त्याच्याशी लावून पाहते. जुळला की तोही फाडायचा. त्यातले काही तुकडे झाडाच्या अन्नरसाबरोबर वर जातात, जिथे नवी पालवी अजून फुटायची असते. पान जन्मतं तेव्हा शत्रूची ओळख त्याच्यापर्यंत पोचलेली असते.

“प्रत्येक वेळी होत नाही,” मॅडम पुढे म्हणाल्या. “विषाणूकडे हे तुकडे निकामी करण्याचीही युक्ती असते. कोण आधी पोचतं त्यावर आहे.”

मुलं वहीत लिहून घेत होती. मला स्टुलावर बसवेना. आंगावरून गेलं, असं वहिनी म्हणाली होती. गोवर येऊन गेलेल्या पोराबद्दल बायका बोलतात तसं. मी ते बाईमाणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

दुपारी मी मॅडमना विचारलं, “हे मिरचीत होतं का?”

“होतं. सापडणं कठीण. तुम्ही पाहिलंय?”

“ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांनी पाहिलंय.”

माझी वहिनी आहे, एवढंही मला म्हणता आलं नाही. मॅडमचे डोळे मात्र चमकले. त्यांना अशीच झाडं हवी होती. प्रत्येक झाडाची दोन पानं आणायची, खालचं एक आणि शेंड्याचं एक. “फक्त आजारी पान आणलं,” त्या म्हणाल्या, “तर झाडाचं अर्धंच म्हणणं ऐकल्यासारखं होतं.”

मी मान खाली घालून बर्फाचा डबा शोधायला गेलो.

*

डिसेंबरातल्या एका सकाळी डबा घेऊन मी वावरात गेलो तेव्हा धुऱ्यावर भांडणच चालू होतं. शेजारच्या काकांनी टमाटर लावले होते आणि त्यांना वहिनीची अकरा झाडं खुपत होती.

“हा पाय, तुहा मशीनवाला दीर आला,” काका वहिनीला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “बाबू, माह्या दोन ओळी म्या तुह्या सांगण्यावर जाळल्या. मंग हिची पॉझिटिव्ह झाडं काऊन उभी? उद्या माशी तिथून उठली का माह्या टमाटरावर येते.”

त्यांचं चुकत नव्हतं. सावरलेल्या झाडातही विषाणू थोडा उरतो, माशी तो नेऊ शकते. मी तसं म्हणणार होतो, तेवढ्यात भाऊ बोलला, “तूर सोंगली का धुरा साफ करतो मी. रोजची कटकट नको.”

“करा साफ,” वहिनी म्हणाली. “मलेबी त्याच्यासंगच साफ करा.”

मी डबा खाली ठेवला आणि मॅडमचं काम सांगितलं. पानं पाहिजेत, खालची आणि शेंड्याची. वहिनीनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“शेंड्याची? हे कोणाले सुचलं?”

“नवीन मॅडम आहेत.”

“बाई आहे म्हणून सुचलं,” ती म्हणाली. मी पानाला हात लावणार तर तिनं माझा हात बाजूला केला. “तुमी नका तोडू. मी तोडतो.”

अकरापैकी सात झाडांचे शेंडे स्वच्छ होते. तिनं एकेक पान खुडलं, मी पिशवीवर खूण लिहून बर्फात ठेवलं. भावानं शेवटी हिशेब मिटवल्यासारखं सांगितलं, “ठीक आहे. तूर निघेपर्यंत तुह्या मशीनीतून काही निघालं तर झाडं राहतीन. नाई निघालं तर मी कोणाचं ऐकणार नाई.” काकांनीही ते मान्य केलं.

निघताना वहिनी म्हणाली, “भाऊजी, आता जे निघंन थे खरं खरं सांगजा. मशीनीतलं मले समजत नाई, पण तुमच्या तोंडाकडं पाहून समजते.”



*

पानातून आरएनए, म्हणजे ते निरोप आणि त्यांचे तुकडे, काढायचं काम मी डोळे मिटून करतो. पान द्रव नायट्रोजनमध्ये कुटायचं, औषधात विरघळवायचं, अल्कोहोल घालायचं, आणि नळीतल्या बारीक चाळणीतून फिरवायचं. हवं ते चाळणीवर अडकतं. खाली उतरलेलं पाणी टाकून द्यायचं. वीस वर्षं मी ते पाणी टाकत आलो.

दोन आठवड्यांनी निकालाची फिल्म मॅडमनी उजेडासमोर धरली. विषाणूची खूण खालच्या पानात गडद, शेंड्यात फिकी. पण लहान तुकड्यांची जागा सगळीकडे कोरी. खालच्या पानातही कोरी.

“विचित्र आहे,” त्या म्हणाल्या. बराच वेळ पाहून त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. “पानंच नीट राहिली नसतील. किंवा काही वेगळंच असेल. ही झाडं सोडून देऊ. दुसरीकडे शोधू.”

मी तेव्हा वहीकडे पाहिलं. पहिल्याच पानावर त्यांनी लाल शाईनं लिहून ठेवलं होतं, की या कामात अल्कोहोल नेहमीपेक्षा जास्त घालायचं. नेहमीच्या मापात मोठे रेणू चाळणीवर अडकतात, लहान मात्र निसटून खाली जातात. मी ते वाचलंही होतं. पण हातांनी वीस वर्षांचं माप घातलं होतं. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते मी स्वतः बेसिनमध्ये ओतलं होतं.

मॅडमना माझ्यावर संशय नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. मला फक्त गावी जाऊन सांगावं लागलं असतं की काही निघालं नाही, आणि भावानं धुरा साफ केला असता. पुन्हा एकदा मशीनच म्हणाली असती.

“मॅडम, पानांचं काही चुकलं नाही,” मी म्हणालो. “मी जुन्याच मापानं केलं. लहान तुकडे टाकलेल्या पाण्यात गेले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं. “पानं उरलीत?” त्यांनी विचारलं.

“आहेत. डीप फ्रीजरमध्ये. प्रत्येकाचं अर्धं राखून ठेवलं होतं.”

“मग करा पुन्हा. या वेळी मी जवळ बसते.”

बस, इतकंच. खरं बोलायला इतकंच लागतं हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. दुसऱ्या वेळी जानेवारी उजाडला होता. फिल्मवर खालच्या पानांत विषाणूची गडद खूण आणि लहान तुकड्यांचीही खूण. आणि सातही शेंड्यांत विषाणूची खूण जेमतेम, तुकड्यांची मात्र ठळक. ते सात काळे डाग मी बोटानं मोजले. मॅडम म्हणाल्या, “तुमच्या त्या ओळखीच्या बाईंना भेटायला हवं.”

“माझी वहिनी आहे ती,” मी म्हणालो. आणि मग उपटलेल्या सात ओळींचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “मला सांगून काय उपयोग?” त्या म्हणाल्या.

*

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. वहिनी अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत होती. भाऊ बाजेवर बसून तंबाखू मळत होता. मी आधी चांगली बातमी सांगितली, कारण मी मुळात भित्रा माणूस आहे. सात झाडं खरंच सावरली आहेत. त्यांच्या शेंड्यात झाडानं स्वतः बनवलेले बारीक तुकडे सापडले. तुमी जे ‘आंगावरून गेलं’ म्हणता ते हेच असावं.

“म्या हेच म्हणून राह्यली होती,” ती जुडी बांधत म्हणाली. “मंग तवा तुमची मशीन पॉझिटिव्ह काऊन म्हणे?”

“मशीननं काहीच म्हटलं नव्हतं, वहिनी. मी तपासलंच नव्हतं. पानं फ्रिजमध्ये पडून होती. मी तोंडानंच सांगितलं.”

भावाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. वहिनीच्या हातातला दोरा तसाच राहिला. मग तिनं सांभाराची जुडी अशी जोरात टोपल्यात आपटली की पानं उडाली.

“तीन महिने!” ती म्हणाली. “तीन महिने मी गप बसली! मले वाटे, मशीनीसंग कसं भांडू, आपण अडाणी. अन मशीन नव्हतीच? तुमीच होते? अवो, तुमच्यासंग भांडता आलं असतं ना मले! माणसासंग भांडता येते!”

आणि ती भांडली. मला वाटतं अर्धा तास भांडली असेल. माझं शिक्षण काढलं, माझा फ्रिज काढला, तिच्या लग्नात मी जिलबीच्या कढईजवळ पडलो होतो तेही काढलं. भावानं मध्ये बोलायचा प्रयत्न केला तर त्याच्याही वाट्याला आलं. “तुमी तर चूपच राहा. चिंधी बांधलेलं झाड दिसलं तरी दुसऱ्यानं उपट म्हटलं का उपटलं. डोये कायले देले देवानं?” मी ऐकत बसलो. रडू आलं, पण ते वाईट रडू नव्हतं. दिवाळीपासून ती माझ्याशी पहिल्यांदा मनापासून बोलत होती.

दमल्यावर ती म्हणाली, “आता उठा. मले सांगून झालं. काकाजीईले कोण सांगंन? त्याईनं दोन ओळी जाळल्या तुमच्या तोंडावर.”

ते जास्त कठीण होतं. काका ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “करोनात तू माह्या बायकोचा रिपोर्ट सांगितला होता. थो तरी खरा होता ना?”

“तो खरा होता, काका. त्या वेळचे सगळे खरे होते. हा एकच.”

“एकाचंच वजन सगळ्यावर पडते, बाबू,” ते म्हणाले. उठताना त्यांनी विचारलं, “आता त्या अकरा झाडाईचं काय? माह्या टमाटराले धोका आहे का नाई? खरं सांग.”

“आहे. थोडा आहे,” मी म्हणालो.

त्यावर तोडगा मॅडमनी फोनवर सुचवला. झाडं झाकायची. साधी मच्छरदाणी चालणार नाही, पांढरी माशी तिच्यातून आरामात जाते. त्याहून दाट विणीचं, हवा जाईल असं कापड पाहिजे. वहिनीनं ट्रंकेतून जुन्या ओढण्या काढल्या, काकांनी बांबूच्या कामट्या दिल्या, आणि सात सावरलेली झाडं एकेका ओढणीखाली गेली. उरलेली चार, ज्यांचे शेंडेही आकसले होते, वहिनीनं स्वतःच्या हातानं काढली. ती काढताना तिला काही वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही. तूर सोंगली, धुरा साफ झाला, आणि त्या साफ धुऱ्यावर गुलाबी, पिवळ्या ओढण्या घेतलेली सात झाडं उभी राहिली. बाजाराला जाणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, “वो माय, हे काय, पोरी पाहाचा कार्यक्रम आहे का?”

फळं फार लागली नाहीत. पण लाल झाली. बी निघालं ते माझ्या तळहातावर मावेल एवढं.

वहिनी ते माझ्या हातात देईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं अर्धं दिलं. “दोन ठिकाणी असलं म्हणजे बरं,” ती म्हणाली. बोरगाव मेघेच्या घराच्या गच्चीवर मी जूनमध्ये रोपं टाकली. माझी बायको म्हणते की मी आमच्या मुलीच्या बारावीच्या वर्षीसुद्धा इतका जागरूक नव्हतो. काही बी रुजलंच नाही. एक ट्रे एका दिवसाच्या उन्हानं गेला, तो दोष माझाच, पाणी घालायला विसरलो, आणि हे मी त्याच दिवशी वहिनीला फोन करून सांगितलं. तिनं मला फोनवरच झाडलं. बाकीची रोपं टिकली. आता ती तीन ठिकाणी आहेत: वहिनीच्या वावरात, काकांच्या वावरात, आणि थोडी आमच्या कॉलेजच्या वाफ्यात.

गेल्या आठवड्यात मॅडम पहिल्यांदा गावी आल्या. वहिनीच्या ओळींत काही झाडांवर कोकडा दिसायला लागलेला. दोघी एका झाडाजवळ उकिडव्या बसल्या. मी आणि भाऊ धुऱ्यावर उभे होतो, काका त्यांच्या वावरातून चालत येत होते.

वहिनीनं विचारलं, “मॅडम, थे बारीक तुकडे बियात जाते का? म्हणजे मायकडून पोरीले?”

“ते तुकडे सहसा जात नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “प्रत्येक झाडाला ते नव्यानं बनवावे लागतात. पण पटकन ओळखून पटकन बनवायची ताकद काही झाडांत उपजतच जास्त असते. ती बियातून जाऊ शकते. तुम्ही तीन वर्षं तीच निवडत होतात, असं मला वाटतं. खात्री नाही.”

“म्हणजे या झाडाईत आहे का नाई?”

“माहीत नाही, ताई. नवीन शेंडा यायला पंधरा-वीस दिवस लागतील.”

वहिनीनं झाडाच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी पालवी फुटत होती, अजून उघडायची होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “भाऊजी, पंधरा दिवसानं येजा. डबा घेऊन. अन तवर कोणी काही विचारलं तर?”

“अजून माहीत नाही, असं सांगीन,” मी म्हणालो.

“हाव,” ती म्हणाली, आणि मॅडमना पुढचं झाड दाखवायला सरकली.